तू सोडून कुणीही चालेल

सोमवार, ४ मार्च

बाबा नाही म्हणाले! माझ्या तोंडावर! अक्कलदाढेपाशी पू झालाय, गाल टम्म सुजलाय, आणि वर म्हणे, "तू सोडून कुणीही चालेल." अकरा वर्षं लोकांच्या हिरड्यांत सुया टोचतेय. हलक्या हाताची डॉक्टर म्हणून लोक लांबून येतात. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

आई म्हणाली, "अगं, सुईला घाबरतात ते." मग तसं सांगा ना! माझा अपमान कशाला? गोळ्या सुरू केल्यात, रागवून. सूज उतरली की दाढ काढायचीच.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर चिडचिड. सिस्टरवर उगाच ओरडले. सॉरी म्हणाले, तर तिनेच मला पाणी आणून दिलं.

बुधवार, ६ मार्च

एक म्हातारे शिंपी आले होते. इंजेक्शन झाल्यावर म्हणतात, "डॉक्टरबाई, सुई लपवता कशाला? तुमच्या चष्म्यात दिसते की!"

अकरा वर्षं! सिस्टर पेशंटच्या हनुवटीखालून गुपचूप सिरिंज हातात देते, मी गोड बोलत राहते – आणि पेशंट माझ्या चष्म्यात अख्खा सिनेमा बघताहेत! सिस्टर हसून लोळायची बाकी होती. दुपारी तिला खुर्चीत बसवलं, दिवा वरखाली करून बघितला. जरा खाली, छातीकडे घेतला की दिसत नाही.

सगळं बाबांसाठी चाललंय. आणि ते येणार नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च

बाबा काल दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन आले. मला चोरून. जिना चढले, दारापर्यंत गेले आणि उलट्या पावली घरी! आईने सांगितलं. रडूच आलं मला. परक्याकडे जातील, पण माझ्याकडे नाही. असं काय केलंय मी?

शनिवार, ९ मार्च

आणलं आईने. हाताला धरून.

बाबा खुर्चीत बसले ते माझ्याकडे न बघता. "दुखलं तर नुसता हात वर करा, मी लगेच थांबेन," म्हटलं. सुन्न करणारं जेल लावलं, पूर्ण दोन मिनिटं थांबले. औषधाची नळी मुठीत धरून कोमट केली, गार औषध जास्त झोंबतं. दिवा खाली. गाल बोटांत धरून हलवत राहिले, म्हणजे टोचलेलं कळत नाही. आणि थेंब थेंब, एक मिनिटभर. कुणी घाई करायची नाही, कुणी धरायचं नाही.

हात वर झाला नाही. पण डोळ्यांतून पाणी! धारा लागल्या नुसत्या. मी थांबले. "दुखतंय का बाबा?" त्यांनी मान हलवली, नाही. ओठ जड झाला, दाढ निघाली, कापूस दाबून घरी गेले.

नक्की दुखलं असणार. माझं मन राखायला नाही म्हणाले.

रविवार, १० मार्च

कशातच लक्ष नाही. किती पेशंट असेच खोटं बोलले असतील माझ्याशी? दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला.

सोमवार, ११ मार्च

गेलेच शेवटी. जखम बघायचं निमित्त. सरळ विचारलं, "बाबा, माझ्याकडे का नको होतं?"

बाबा म्हणाले, "ठमे, तू पाच वर्षांची होतीस. दात किडला होता. तो डॉक्टर म्हणाला, पोरीला घट्ट धरा. मी धरलं. हातपाय, सगळं. त्याने सुई खुपसली तशी तू किंचाळलीस. बाबा, बाबा करून हाका मारत होतीस, सोडवायला. मलाच! आणि परवा तू म्हणालीस, हात वर करा, मी लगेच थांबेन."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. तसं सांगितलं त्यांना.

"बरं झालं," म्हणाले, आणि तोंड फिरवलं.