पाणी चुकलेला गर्डर

१८ एप्रिल १९७५
पुलाचा पहिला गर्डर भरून झाला. एकशेतीस फूट, एका दमात. आता चौदा दिवस वरची बारदानं ओली ठेवायची. एवढंच काम, पण एक दिवस चुकला की काँक्रीट तडकलंच. सुमन माहेरी अमरावतीला. इथं तंबू, मी आन् गर्डर.

१९ एप्रिल
मजूर सगळे तांड्यावरचे. उद्या रामनवमी, पोहरादेवीच्या जत्रेला चालले. मुकादम लालसिंग म्हणे, "नवस हाय सायब, नाई म्हनू नका. परवा सकाळी हाजर." हो म्हटलं. पाणी मी मारीन म्हटलं. मोठा शहाणा मी.

२० एप्रिल
दिवसभर एकट्यानं पाणी मारलं. पाठ मोडली. चिटपाखरू नाही. दुपारी उगाच गर्डरशीच बोलत बसलो.

२१ एप्रिल
सकाळी कोणी आलं नाही. दहा वाजता वाटलं, माणसाचा आवाज ऐकला नाही तर येड लागेल. तासाभरात परततो म्हणून मानोऱ्याची एस.टी. धरली. रहीमचाचांच्या हॉटेलात चहा. "बैठो ओवरसियर, जल्दी क्या है?" बसलो. फार बरं वाटलं. शेवटच्या गाडीनं आलो तर बारदानं पापडासारखी वाळलेली. साइटबुकात लिहिलं: दिवसभर पाणी दिले. लाज वाटते.

२ मे
बारदानं काढली. गर्डरच्या मधल्या भागात केसाएवढ्या भेगा. इंजिनियर साहेब आले, साइटबुक चाळलं. म्हणाले, "पाणी दिलंय लिहिलंस, मग तुझ्या पाठीमागे मजुरांनीच कामचुकारपणा केला. मुकादमाला काढ." मी गप्प. म्हशीसारखा गप्प.

३ मे
लालसिंगला सांगितलं. भांडला असता तर बरं. म्हणे, "दोन दिस नव्हतोच आमी. परवा म्हनून तिसऱ्या दिशी आलो. आमचंच चुकलं." सामान बांधून राह्यला होता. सुमनला पत्र लिहायला घेतलं, फाडलं. कोणापाशी बोलू?

५ मे
साहेबांकडे गेलो. २१ तारखेची ओळ खोडून खरं लिहिलं, खाली सही केली. लालसिंगला परत घ्या म्हटलं. साहेब म्हणाले, "घे. पण माझ्या कानात सांगितलं असतंस तर भागलं असतं. लिहिलंस कशाला?" आतल्या केबल ताणून गर्डर वापरायचा की फोडायचा, वरून ठरेल. माझंही वरूनच.

९ मे
वरून अजून काही नाही. लालसिंग कामावर आला. त्याला सगळं सांगितलं, मानोरा, चहा, सगळं. वाटलं, आता शिव्या घालणार. त्यानं बिडी विझवली. मग म्हणे, "आमी तिकडं हजार जन होतो, सायब. एकटं वाटत होतं तं सांगाचं नाई का? एखादी म्हातारी ठेवली असती तुमच्यासंग बोलाले."