शनिवारचं परतीचं तिकीट

गुरुवार, संध्याकाळ. रुमैथिया.

शुद्ध गाढवपणा! या हिवाळ्यात जॉर्जियात होणाऱ्या तीन हौशी स्की शर्यतींसाठी महिनाभर खपून तिन्ही खेपांची तिकिटं काढली, डोंगरातली ती लाकडी खोलीही ठरवली. दर खेपेला गुरुवारी रात्री निघायचं, शनिवारी रात्री परत. मघाशी सानिकाने, माझ्या लेकीने, वेळापत्रक पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, बट ऑल द रेसेस आर ऑन संडे."

चौदा वर्षं इथे आखातात शुक्रवार-शनिवारची सुट्टी घेऊन जगाचा रविवारच विसरलो. रजा? मार्चपर्यंत प्लँटवर माणसं कमी. शुक्रवार-शनिवार मोकळे मिळतात हेच नशीब.

बाल्कनीतल्या स्कीजवर धूळ बसली होती, ती पुसली. गेल्या वर्षी आठवडाभर रजा होती, त्यामुळे वार बघावाच लागला नाही; पन्नाशीवाल्यांत शेवटून दुसरा आलो, तरी त्या उताराचा वारा अजून कानांत आहे. नाशिकच्या माणसाला कशाला हवं हे वेड?

"सो, कॅन्सल?" सानिकाने विचारलं.

नाही म्हटलं. शनिवारी दुपारी उतारावर शर्यतीच्या काठ्या रोवतात. तेवढ्या बघेन आणि विमानतळ गाठेन.

स्कीज पुन्हा पुसल्या. त्या मात्र बरोबर नेणार.