शाळा दाखवली त्या दिवशी

समुद्रपूर,
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय मयुरी,

मंगळवारी तुम्हा तिघांना शाळा दाखवली, ती अर्धीच दाखवली. विज्ञानाची जुनी प्रयोगशाळा राहिली, मुलींची आरामाची खोली राहिली, मागच्या फाटकाकडे तर आपण गेलोच नाही. त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणत होते. पत्रातही तसंच लिहून पाहिलं, दोन कागद फाडले. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहेस, तेव्हा तूच म्हणते. राग आला तर कळव. पत्ता तुझ्या अर्जावरून घेतला आहे. तेही बहुतेक नियमात बसत नसेल.

हेडसरांनी मला सांगितलं होतं, शिक्षकपदाच्या उमेदवारांना चांगलं चांगलं दाखवा. म्हणून मी नवीन संगणक कक्ष दाखवला आणि कबड्डीची ढाल दाखवली. जे सांगितलं नाही ते आता लिहिते. पाचवी ते बारावी, दोन पाळ्या, अठराशे चाळीस मुलं, बावन्न शिक्षक. मी सोळा वर्षं इथे आहे आणि अजूनही सकाळ पाळीतल्या दोन सरांची नावं मी एकमेकांना लावते. घंटा आमची असली तरी शाळा चालते बसवर. गिरडकडची बस उशिरा आली की पहिल्या तासाला वर्ग अर्धा. शेवटच्या तासाला जामकडची पोरं पाच मिनिटं आधीच दप्तर भरून बसतात. त्यांना रागावू नये, ती बस गेली की पुढची दीड तासाने. सध्या वेचणी सुरू आहे, त्यामुळे पट बासष्टचा आणि वर्गात पस्तीस. ज्या मुली दिसत नाहीत त्या कापसात असतात. परत आल्यावर 'इतके दिवस कुठे होतीस' असं वर्गासमोर विचारू नये. मी विचारत असे. एक मुलगी त्यानंतर आलीच नाही.

शिक्षकांच्या खोल्या दोन आहेत. खालच्या खोलीत जुने बसतात, वरच्या खोलीत नवे. तसं कोणी ठरवलेलं नाही, पण आहे. अनुसयाबाईंशी मात्र पहिल्या दिवसापासून जमवून घ्यावं लागतं. त्या शिपाई आहेत, पण किल्ल्या त्यांच्याकडे असतात आणि बातम्याही. आता हे सगळं मी तुला काऊन सांगून राह्यले, तेच मला नीट कळत नाही. तू यावंस म्हणून सांगते आहे की येऊ नयेस म्हणून? दोन्ही वेळा हेच सांगितलं असतं असं वाटतं.

तीन नावांची यादी त्याआधीच्या शुक्रवारीच माझ्या हातात आली होती. पहिलं नाव यवतमाळच्या सरांचं, दुसरं आर्वीच्या त्या मुलीचं, आणि तिसरं: मयुरी रत्नदीप ताकसांडे. मी ते वाचलं आणि यादी उलटी करून टेबलावर ठेवली. दीपमाला रत्नदीप ताकसांडे असं नाव याच शाळेच्या हजेरीपटावर नऊ वर्षं होतं. घटस्फोटानंतर मी अर्ज केला, राजपत्रात छापून आणलं आणि पुन्हा दीपमाला बाबाराव थूल झाले. माझ्या सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर मात्र ते जुनं नाव अजून आहे, लाल शाईची रेघ मारलेलं. रत्नदीप वाईट माणूस नाही, हे मी तुला सांगायला नको. आमचं जमलं नाही. काऊन जमलं नाही, याची त्याची उत्तरं वेगळी आणि माझी वेगळी, आणि सात वर्षांनंतर मला माझीही पुरती पटत नाहीत. हेडसरांना त्याच शुक्रवारी सांगायला हवं होतं, की सर, ही तिसरी उमेदवार माझ्या आधीच्या नवऱ्याची बायको आहे, शाळा दाखवायचं आणि पाठाला गुण द्यायचं काम दुसऱ्या कोणाला द्या. मी त्यांच्या दारापर्यंत गेले होते. ते फोनवर बोलत होते, त्यांनी हाताने 'काय' विचारलं, मी 'काही नाही' म्हणून परत आले.

तुला मी फोटोत पाहिलं होतं, माझ्या संबोधीच्या मोबाईलमध्ये. प्रत्यक्षात तू उंच आहेस. तूही मला ओळखलंस, हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं, कारण यवतमाळचे सर शाळेबद्दल विचारत होते आणि तू काहीच विचारत नव्हतीस. आपण वरच्या मजल्यावर गेलो. नववी ब चा वर्ग चुकवून पुढे जायचं मी मनात ठरवलं होतं, पण त्या सरांनीच विचारलं, हा कोणता वर्ग? पोरं 'नमस्ते मॅडम' म्हणून उभी राहिली. संबोधी दुसऱ्या बाकावर होती. तिने दारात माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी तुला पाहिलं, आणि पेन पडल्यासारखी खाली वाकली. सगळा वर्ग बसला तरी ती वर आली नाही. तू भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होतीस. मी म्हटलं, नववी ब, पट बासष्ट. माझी पोरगी बाकाखाली होती आणि मी तिचा पट सांगत होते.

एक गोष्ट मी तुला वर्षभर सांगायची म्हणत होते. गेल्या वर्षीच्या दिवाळीत संबोधी तुमच्याकडे हिंगणघाटला होती तेव्हा तिला पहिल्यांदा पाळी आली. घरी आल्यावर तिने मला ते सहज सांगितलं, जणू काही विशेष झालंच नाही. मयुरीताईने गरम पाण्याची पिशवी दिली, म्हणाली, घाबरू नको, रडायचं असेल तर रड, मी दार लावते. तुझ्या सासूबाई, म्हणजे माझ्याही सासूबाई होत्या त्या तानाबाई, वेगळं बसवायचं म्हणत होत्या तर तू त्यांना 'असं काही नसते आई' म्हणालीस. मी हे ऐकलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या करत बसले. माझ्या पोरीला घाबरावंसुद्धा लागलं नाही याचा आनंद होता, आणि ती वेळ माझी होती, ती तुला मिळाली याचा राग होता. तुला फोन करून आभार मानायचे होते. नंबरही होता. आज वर्ष होऊन गेलं.

आता तुझ्या पाठाचं. मधल्या सुट्टीनंतर आठवी अ वर तिघांचे पाठ होते आणि मी मागच्या बाकावर गुणांचा कागद घेऊन बसले होते. तू आम्ल आणि आम्लारी घेतलंस. हळदीने पिवळा केलेला कागद, त्यावर चुन्याचं पाणी, आणि तो लाल झाला तेव्हा पोरांनी जो आवाज केला तो खालपर्यंत गेला असेल. मग तू मुलांना पुढे बोलावलंस. एका मुलीच्या हातून चुन्याचं पाणी सांडलं, थेट तुझ्या पदरावर. ती रडकुंडीला आली. तू तिचा हात पुसलास आणि म्हणालीस, "असू दे ना बाप्पा, कपडाच हाये." मयुरी, 'असू दे ना बाप्पा' हे संबोधी वर्षभरापासून घरात म्हणते. दूध उतू गेलं, असू दे ना बाप्पा. मी चिडले, असू दे ना बाप्पा. मला वाटायचं तिने ते तानाबाईंकडून उचललं. त्या बाकावर बसून मला कळलं की ते तुझं आहे, अगदी स्वरासकट. त्यानंतर तू फळ्यावर काय लिहिलंस ते मला आठवत नाही. पाठाला पंधरा गुण असतात. यवतमाळच्या सरांना मी दहा दिले, आर्वीच्या मुलीला बारा, आणि तुला नऊ. सही केली, कागद पाकिटात घातला, पाकीट हेडसरांच्या टेबलावर ठेवलं.

घरी आल्यावर संबोधी बोलत नव्हती. मी तिच्या आवडीचं भरीत केलं, तरी नाही. शेवटी जेवता जेवता म्हणाली, "तू तिले आपल्या शाळेत काऊन आणलं?" मी म्हटलं, मी नाही आणलं, यादीतून नाव आलं. "मंग ती येईन का?" मला वाटलं, तिला तू नकोशी आहेस. खरं सांगते, बरं वाटलं. मी म्हटलं, तुला नको असेल तर नाही येणार. तेव्हा ती रडायलाच लागली. म्हणाली, "मले तसं नाई म्हणायचं. तुह्याबद्दल मी तिच्यापाशी बोलतो. तुह्याशी भांडण झालं का तिले फोन करतो. ती शाळेत मॅडम झाली, तुह्याच बाजूले बसली, तं मंग मी कोणाशी बोलू?" ताटातलं भरीत तसंच राहिलं. म्हणजे ही पोरगी तुझ्याकडे जाऊन मला विसरते, असं मी चार वर्षं समजत होते, आणि ती तुझ्याकडे जाऊन माझंच बोलत होती. मग मयुरीताई तुला काय सांगते, मी विचारलं. तर म्हणे, "ती म्हणते, आई थकून येते, पाच मिनिटं थांब अन् मंग बोल." पाच मिनिटं. आता आठवलं तर खरंच, अलीकडे ही पोरगी मी आल्यावर लगेच बोलत नाही. मला वाटे, दुरावली.

बुधवार, गुरुवार मी वर्गात काय शिकवलं ते मला विचारू नको. त्या नऊ गुणांवरून मी माझ्याशीच भांडत होते. पाठ चार मिनिटं लांबला होता, त्याचे गुण कापायचेच असतात. फलकलेखन तिरपं गेलं होतं. कारणं शोधली की मिळतात. मग उलटही वाटे: आता वाढवून दिले तर ते संबोधीसाठी की उपकार फेडायला? तू आलीस तर त्या पोरीचा बोलायचा एकुलता एक कोपरा जाईल. तू नाही आलीस तर माझ्या त्या नऊ गुणांमुळे नाही आलीस, हे मला रोज हजेरीपटावर सही करताना आठवेल. यातलं कोणतं बरोबर, मला खरंच कळत नव्हतं. आजही कळत नाही.

म्हणून शुक्रवारी सकाळी प्रार्थनेनंतर मी हेडसरांकडे गेले आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मॅडम, हे आधी सांगा लागत होतं नं." मी हो म्हटलं. "मंग आता काऊन सांगून राह्यले?" त्यांनी पाकीट माझ्यासमोर रद्द केलं, मला लेखी खुलासा द्यायला सांगितलं, तो मी दिला. हे पत्र लिहायचं कारण हेच आहे. उद्या-परवा तुला शाळेचं पत्र येईल, त्यात 'तांत्रिक कारणास्तव' तिघांचेही पाठ शनिवारी बावीस तारखेला अकरा वाजता पुन्हा होतील, असं असेल. परीक्षक वर्ध्याहून येणार आहेत. ते वाचून तुला वाटेल की माझ्या पाठात काही चुकलं, किंवा ही बाई मला घालवायला बघते, आणि तू यायचीच नाहीस, अशी मला भीती वाटली. तांत्रिक कारण काही नाही, मयुरी. कारण मी आहे. त्या दिवशी मी रजा टाकली आहे, संबोधीला घेऊन गिरडच्या टेकडीवर जाणार आहे, म्हणजे तुला मागच्या बाकाकडे बघावं लागणार नाही. तू आमच्या शाळेत यावंस असं मला वाटतं का, हे मी सांगू शकत नाही. संबोधीचं काय होईल, हेही नाही. त्याचं आपण तिघी बसून बघू, तुझी तयारी असेल तर. पण सोळा वर्षांत मी पुष्कळ पाठ पाहिले आहेत, आणि तुझा तो पाठ नऊचा नव्हता. चौदाचा होता. इतकं एकच मला पक्कं माहीत आहे, आणि ते तुला माझ्या हस्ताक्षरात मिळायला हवं होतं.

तुझीच (लिहून पाहिलं, खोडत नाही),
दीपमाला