मिश्री म्हणजे खडीसाखर नव्हे

सागरपूर, नवी दिल्ली
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
धाकट्या शेवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत. थंडी अजून हाडांतून गेलेली नाही. भक्तीचे बाबा पलटणीतून निवृत्त झाले तरी पहाटे चारलाच उठतात आणि गुडगावच्या सोसायटीचं गेट सरहद्दीसारखं राखतात. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तू फोन स्पीकरवर लावतेस आणि निम्मी आळी ऐकते. हे एकटीनं वाच.

तुझं पार्सल नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मिळालं. शेंगदाण्याची चटणी तीन दिवसांत संपली. मिश्रीच्या डब्याचंही सांगते, पण क्रमानं सांगू दे.

मी वस्तीतल्या केंद्रात कामाला लागले ते तुला ठाऊक आहे. तंबाखू, बिडी, गुटखा सोडू पाहणाऱ्यांना बोलावून आणायचं, गोल बसवायचं, विचारपूस करायची, चहा द्यायचा. तेव्हा तू हसून विचारलं होतंस, आणि तुझं गं? मी विषय बदलला होता. झालं असं की, कामावर घेताना डॉक्टरबाईंनी विचारलं, कसलं व्यसन? मी म्हटलं, "बस, सुबह-शाम ज़रा मिश्री." देवाशपथ, खरं तेच सांगितलं. पण इकडे मिश्री म्हणजे खडीसाखर. बाई म्हणाल्या, गोड जरा कमी करा, आणि कागदावर माझ्यापुढे 'व्यसन नाही' असं लिहिलं. मी त्यांना तिथंच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं.

दहा महिने मी सकाळी मिश्रीनं दात घासून, चूळ भरून, लोकांना तंबाखूचे तोटे सांगत होते. आणि चांगलं सांगायचे, अक्का. बायका डोळे पुसायच्या.

आमच्या गटात विश्वनाथजी आहेत. दरभंग्याचे, साठी उलटलेली, ई-रिक्षा चालवतात. चाळीस वर्षं खैनी मळून अंगठा काळा झालेला. त्यांना सोडून अकरा दिवस झाले होते आणि रोज आले की ते खिसा उलटा करून दाखवायचे. आठ जानेवारीला चहा उकळत असतानाच केंद्रातली साखर संपली. मी दुकानात गेले. तेवढ्यात चंद्रप्रभानं, म्हणजे चार घरची भांडी करते आणि बिडी सोडते आहे तिनं, माझ्या पिशवीत डबा पाहिला. तोवर दुपारचीही सवय लागली होती; ती चिमूट घेतली नाही तर माझं डोकं चढायचं, म्हणून मी तो बरोबर ठेवायचे. डब्यावर तुझ्या ठळक अक्षरात 'मिश्री'. तिनं दोन चमचे चहात टाकले.

मी आले तेव्हा कप वाटून झाले होते. चंद्रप्रभा दोन घोट घेऊन गटाराकडे पळाली. बाकीच्यांनी थुंकून टाकला. विश्वनाथजी मात्र डोळे मिटून सगळा कप प्याले आणि हळूच म्हणाले, "आज की चाय में बात है."

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी डबा हुंगला आणि माझ्याकडे बघितलं. अजूनही खोटं बोलता आलं असतं, दातांचं औषध म्हणून. पण चंद्रप्रभा गटारापाशी बसून ओकत होती. मी म्हटलं, "ही तंबाखू आहे. मी रोज लावते." हे मराठीतच बोलले बघ, हिंदी सुचलीच नाही. तरी सगळ्यांना समजलं. चंद्रप्रभा तोंड पुसत म्हणाली, "हमने सोचा, महाराष्ट्र की मिश्री काली होती होगी." मग सगळे हसले. मीही हसले, पण मला वर बघवेना.

काम जाईल वाटलं होतं. गेलं नाही. बाई म्हणाल्या, उद्यापासून खुर्चीवर नाही, खाली गोलात बसायचं.

विश्वनाथजींनी त्याच संध्याकाळी खैनीची पुडी घेतली. मला कळलं तशी मी मेट्रोखालच्या त्यांच्या स्टँडवर गेले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जब दीदी से नहीं छूटा, तो हमसे क्या छूटेगा." अक्का, डॉक्टरबाईंपुढे लाज वाटली नव्हती तेवढी तिथं वाटली. उन्हात बसून तू भाजून, कुटून, चाळून पाठवलेला डबा मी त्यांच्यासमोर नालीत ओतला. मला माफ कर. ते नालीकडे असे बघत राहिले जणू मी तूप ओतलं. पाच दिवसांनी त्यांनीही पुडी टाकली आणि तेरा तारखेपासून आम्ही बरोबर सुरुवात केली. दुपारी दोनला त्यांचा फोन येतो: "दीदी, याद आ रही है?" मी म्हणते, बहुत. एवढंच बोलणं. भक्ती विचारते, मम्मी, हे कोण अंकल आहेत यार, जे रोज तुला याद करतात?

एवढं लिहिलं, आता पुढचंही लिहिते. बाईंनी त्या चहाच्या दिवशी माझंही तोंड तपासलं. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा निघाला. मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून बघितला. निकाल यायला आठ दिवस लागले. भक्तीचे बाबा रोज ड्यूटीला जाण्याआधी माझा ओठ खाली ओढून बॅटरीनं बघायचे, गेटवर गाडीची डिकी बघतात तसं. कॅन्सर नाही निघाला. पण मिश्री चालू राहिली तर होऊ शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायचं आहे.

अक्का, दिवाळीत मी आले तेव्हा तू भाकरी दुधात कुस्करून खात होतीस. तिखट झोंबतं म्हणालीस, मग डावीकडचा खालचा दात दुखतो म्हणालीस. तुला डावीकडे खाली दातच नाही. मी ते बघितलं आणि गप्प बसले, कारण तुझ्या डब्याचं बोलले असते तर माझ्याही डब्याचं बोलावं लागलं असतं.

मंगळवारी, अकरा तारखेला, दादाचा धैर्यशील गाडी घेऊन येईल आणि तुला साताऱ्याला दवाखान्यात नेईल. त्याला दातासाठी एवढंच सांगितलंय. गावात काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यावर राग धर, शिव्या घाल, वर्षभर पार्सल पाठवू नकोस. पण गाडीत बस.

तुझी,
आज एकवीस दिवसांची
(नवव्या दिवशी चुकले होते, तुला खोटं लिहीत नाही)
शेवंता