उकडलेल्या मातीचा निवाडा

२ सप्टें. १९५८
ब्राह्मणपुरीला गेलो. अंबालालची कपाशी उभ्या उभ्या वाळतेय. मर रोगच, मातीतल्या बुरशीचा, दुसरं काय! पण त्याने डोक्यात घेतलंय की बांधापलीकडच्या धाकट्या भावाने, छगनने, वावरात विष टाकलं. पंच बसलेले. मी सरकारी शेती फार्मचा साहेब, ऐटीत सांगून आलो : ही माती वाफेवर उकडतो. रोग असेल तर मरेल, रोप जगेल. विष असेल तर रोप मरेल. सगळ्यांना पटलं. छगन म्हणाला, "मंजूर शे साहेब. मन्ही काही ना नही."

५ सप्टें.
काल पिंपात जाळी बसवून मातीला वाफ दिली. उग्र वास सुटला. आज गार झाल्यावर कुंड्या भरून सरकी टोकली. उरलेली पोत्यात.

१७ सप्टें.
उगवली, पण पानांच्या कडा करपलेल्या. अंबालाल रोज सायकलवर येऊन बघून जातो.  मला धास्ती.

२३ सप्टें.
सगळी रोपं गेली. पंच आले. म्हटलं, थांबा जरा, काहीतरी...
"आते काय थांबानं साहेब? रोप मरी गयं."
विष छगनच्याच नावावर लागलं. त्याची बायको फार्मच्या फाटकाशी उभी होती. तिच्याकडे बघवलं नाही.

३० सप्टें.
धुळ्याहून मोठे साहेब आले. एकच प्रश्न : "चांगल्या शेतातली माती उकडून पाहिलीत का?"
नाही पाहिली. गाढव आहे मी. लगेच फार्मच्या मातीचा पिंप चढवला.

१८ ऑक्टो.
फार्मच्या मातीतही रोपं तशीच करपली. म्हणजे उकडण्यानेच. साहेब म्हणतात, मातीतले जीव मरून अमोनिया साठतो, मँगनीज मोकळं होतं. माती काही आठवडे पडू द्यावी लागते. मी दुसऱ्याच दिवशी पेरलं. पोत्यात दीड महिना पडलेली अंबालालची उकडलेली माती भरून पुन्हा सरकी लावली. शेजारी त्याच्याच वावरातली न उकडलेली. गावाला आताच कळवावं का? आधी जगू देत. भित्रा आहे, दुसरं काय.

१४ नोव्हें.
उकडलेल्या मातीत रोपं हिरवीगार, न उकडलेल्यात माना टाकलेल्या. रोगच होता. कुंड्या घेऊन ब्रा.पुरीला गेलो. छगनच्या घराला कुलूप. निवाड्यानंतर त्याच्या कामाला कोणी मजूर येईना. बैल विकून बायकापोरांसकट गेला. मधला बांध नांगरून टाकलेला. अंबालालला सगळं समजावलं. रोपाच्या पानावरून त्याने बोट फिरवलं, बराच वेळ.
"तवय बी तुम्हीच सांगं व्हतं, साहेब."
आणि आत गेला.

१६ नोव्हें.
कोणी म्हणतं, छगन खापर गावच्या बाजारात दिसला, हमाली करताना. रजा टाकली आहे, उद्याच्या बसने निघतो. तो परत यायला तयार झाला तरी गाव घेईल का, ठाऊक नाही. आणि भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते दोन दिवस जमत नाहीये.