ताम्हणाचं बी आणि सुहासच्या चार विटा

चि. सुहास यास,

आक्काचा जय भीम. तुझी साखर खाली आली असेल. नसेल तर श्रीखंड बंद कर, मी विचारून काय होणार. फोनवर तू शहाणपण सांगत बसतोस म्हणून लिहायला घेतलं. पत्रात मधे तोंड घालता येत नाही.

तू धाडलेलं ताम्हणाचं बी आणि त्या चार तपकिरी विटा पोचल्या. आत कागद होता, तो इंग्रजीत. (बहीण चौथी शिकलेली, हे विसरलास की मुद्दाम?) वीट हुंगली तर नारळाचं सोडण. म्हटलं, भावाला आमच्या न्हाणीतल्या चुलीची काळजी. तीन विटा जाळल्या. पाणी फक्कड तापलं, पण धूर असा की अख्खी वाडी खोकत बाहेर आली. सासूबाई तेवढ्या आत, मजेत अंग शेकत. मग तुझी भाची दीक्षा कॉलेजातून आली, कागद वाचला नि हसत सुटली. म्हणे त्यात बी रुजवायचं असतं. आपलंच सोडण कुटून, दाबून परत आपल्यालाच विकतात, आणि तू घेतोस.

मी विहाराच्या वाटेला ताम्हणाची रोपं देणार, असं महिला मंडळात सगळ्यांसमोर बोलून बसलेय. नाही दिली तर विमला तिथे गुलमोहर लावणार आणि त्याच्या सावलीत बसून जन्मभर मला हसणार. म्हणून बी तांबड्या मातीत पेरलं. ती सुकून कातळ झाली. शेणात पेरलं, शेण ताजं, बी उकडलं. मांडवीच्या किनाऱ्याची वाळू आणली, ती खारट (मी काय चाखून आणत्येय?). भाताच्या तुसात पेरलं, ते कोंबड्यांनी उकरलं. चौथी वीट आधीच डुगडुगणाऱ्या माठाखाली लावली होती, म्हणून काढली नव्हती. ती मेली पाणी पिऊन फुगली, माठ उलथून फुटला. विटेचा झालेला सगळा भुसा न्हाणीमागे भिरकावला आणि पुडीतलं उरलंसुरलं बीही रागाने त्यावरच झटकलं. तुझ्या विटा बिनकामाच्या, बी वांझ. गुलमोहर लागला तर पाप तुझं.

तुझी आक्का

ता.क. पत्र टाकायला पालीला जाणं झालं नाही, तोवर न्हाणीमागे हिरवं दिसलं. दीक्षा म्हणते, ताम्हणच. भुशात केसांसारखं दाट आलंय. वर लिहिलंय ते खोडत नाही, कागद घाण होतो.

दुसरं ता.क. अर्धं कोंबड्यांनी खाल्लं. बी आणि विटा लगेच धाड. विमलाचा फोन आला तर सांग, आक्काच्या हाताला गुण आहे. विटेचं नाव काढू नको.

तिसरं. दोन विटा जास्तीच्या धाड. सासूबाई तेव्हापासून लाकडावर तापवलेल्या पाण्याने आंघोळ करायला तयार नाहीत.