उमाच्या तोंडाला जपानी फडकं

गुरुवार, २३ नोव्हेंबर १९९५
आले: उल्हासनगरहून कुमुदिनीवन्संकडून तोंडावर चिकटवायचे ओले कागद, जपानी, पाकिटं तीन. दर पाकिटी पस्तीस. भाचीला भेट म्हणून पाठवले, आणि भेटीसोबत किमतीची चिठ्ठी! कुठल्या सदरात टाकावेत कळेना. 'लग्नखर्च'मध्ये टाकले.
चिठ्ठीत पुढे – "वहिनी, एकदम ओरिजिनल माल. बदलापूरची मंडळी तीन तारखेला उमाला बघायला येतायत ना, त्याच्या आधी लावा. पोरगी उजळली नाही तर नाव बदलीन." बदला, माझी हरकत नाही.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पाकिटं देवीपुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. आमची कुलदेवी काळ्या पाषाणाची. तिला बघायला लोक रांग लावतात, रंग कोणी विचारत नाही.

शनिवार, २५
आधी कुठलं लावायचं? एकावर काकडीचं चित्र, एकावर मोत्याचं, एकावर अंड्याचं. बाकी सगळं जपानी. अंड्याचं बाद – मार्गशीर्ष आहे.
हे म्हणाले, "अगं, खायचं नाहीये, लावायचंय."
"आणि ओठांवरून आत ओघळलं तर?"
हे परत पेपरात शिरले. मोती ठरला.

रविवार, २६
उमाला चटईवर आडवं करून लावलं. डोळ्यांना भोकं, ओठांना चीर, नाकावर एक फडफडता तुकडा. कागद कसला, चांगलं मऊ फडकं आहे. जपानी बायकांची तोंडं लहान असावीत. उमाची हनुवटी बाहेरच राहिली.
शेजारच्या मोतीबाई विरजण मागायला आल्या त्या दारातच थबकल्या. "अगं बाई, पोरगी भाजली की काय?" उमाला हसू आवरेना, फडकं कानावर गेलं.
काढल्यावर चेहरा ओला. आणि उमाचाच.
पुसता पुसता म्हणाली, "आई, आधीच्या तिघांनी नाही म्हटलं, ते मी कोरडी होते म्हणून का?"
तिघांचं एकच होतं – मुलगी गुणाची, पण सावळी.
फडकं टाकवेना. धुऊन दांडीवर वाळत घातलं.

मंगळवार, २८
काकडीचं लावलं. कोशिंबीर केली असती तर पोटात तरी गेली असती.

शनिवार, २ डिसेंबर
काय करून बसले! धुतलेलं फडकं धड होतं, म्हटलं परत वापरू. साय घेतली. आंबेहळद संपलेली, म्हणून मिसळणाच्या डब्यातली हळद घातली. भिजवून लावलं. उमा म्हणत होती, "आई, हळद जास्त झालीय." म्हटलं, "गप पड." ती गप पडली ती झोपलीच. शेजारी मीही.
उठून काढलं तर पोर पिवळीजर्द! डोळ्यांभोवती दोन आणि ओठांभोवती एक वर्तुळ, आणि बाहेर राहिलेली हनुवटी, एवढंच मूळ रंगाचं. बेसन झालं, दूध झालं, लिंबू झालं. रॉकेल तेवढं राहिलं. ह्यांनी सुचवलं, पावडर लाव. मग पांढुरकी पिवळी झाली.
उद्या मंडळी येणार.

रविवार, ३
आली. मुलगा गुरुदत्त, त्याचे आईवडील. मुलगा उमाहून दोन पायऱ्या सावळाच. त्याच्याही कॉलरवर पावडर पाहिली मी.
त्याची आई उमाला न्याहाळून म्हणाली, "हळद आधीच उरकलीत वाटतं?"
धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. उमानं मात्र पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि सरळ सांगितलं, "आईनं लावली, गोरी दिसावी म्हणून. चार दिवसांत उतरेल. मग सावळी आहेच मी."
गुरुदत्तला हसता हसता पोह्यांचा ठसका लागला. दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं तर तिथूनही हसणंच ऐकू येत होतं.
मंडळी गेल्यावर उमा म्हणाली, "मला चालेल तो."
आधीच्या तिघांच्या वेळी "तुम्ही ठरवा" म्हणाली होती.

गुरुवार, ७
पत्र नाही. पूजा केली. नवस बोलले नाही, नुसतं उमाचं नाव घेतलं.

शनिवार, ९
पत्र आलं. आमच्या अंबरनाथहून बदलापूर एक स्टेशन, तरी आंतरदेशीय! मुलाच्या आईचं अक्षर. "गुरुदत्तचा हट्ट आहे, तेव्हा मुलगी पसंत. मात्र लग्न मे महिन्यात धरू. तोवर मुलीचा रंग उजळेल असे पाहावे. आमच्याकडे नातेवाईक फार."
हे खूश. "हो म्हणून लिहून टाक. पाच महिने आहेत. कुमुदिनीला सांगू, डझनभर पाकिटं पाठव."
उमाला पत्र दाखवलं. तिनं वाचून घडी घातली. "परत लावशील का गं मला ते?"
एवढंच म्हणाली. जेवली नाही.

रविवार, १०
उत्तर लिहिलं. ह्यांना दाखवलं नाही. उमानं वाचलं आणि पाकीट स्वतः चिकटवलं. मजकूर असा – "पत्र पावले. उमाचा रंग जन्मापासून हाच आहे व मे महिन्यातही हाच राहील. आपल्या चिरंजीवांचा रंग आम्ही विचारला नाही, विचारणारही नाही. एवढ्यावर पटत असल्यास मुहूर्त काढावा. पटत नसल्यास तसे उलट टपाली कळवावे."